वाघमारे सरांचे तीस हापसे

आमच्या वाडीत दुसरीत नापास होऊन बी आपला सगळा पत्ता पिनकोडासकट तोंडपाठ म्हणणारा गडी एकटा मीच. अन् त्याच पत्त्यापायी घरच्या दारात आलेली अँब्युलन्स रिकामी परत धाडणारा बी वाडीत एकटा मीच.

पर ते पुढं येईल. आधी वाघमारे सर सांगतो. त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या शिरूर कासार तालुक्यात तुमाला गावणार न्हाई. माझ्यासारखे तर हापशावर रोज चार उभे आसतात.

सर पाणी भरायला आले की बाया कळश्या खाली ठिवून बुड टेकून घेतात. कावून, तर सर हापसा मारतात ते मोजून. मोठ्यांदा. एक, दोन, तीन, चार. कोपरं ताठ, खांदे दांड्याच्या बरोबर वर, सगळं अंग घालून. तीस झाले की दांडा धरून दोन दम थांबतात अन् पुन्हा एकपसून. आता तिसऱ्या तिसाला कळशी भरती, ती बी पंचविसाच्या आसपास. पर सर पंचविसाला थांबत न्हाईत. पाणी वरून वाहायला लागलं तरी तीस म्हंजे तीस. आमच्या वाडीत उन्हाळ्यात पाण्यासाठी बाया एकमेकीच्या झिंज्या धरतात, तिथं हा माणूस रोज पाच हापसे पाणी मातीला पाजतो. माझी शेळी तेवढ्यासाठी तिथं बांधल्यासारखी उभी आसती. वाडीत सरांचं सगळ्यात आधी जमलं ते तिच्यासंगं. तिला माझ्यापरीस अक्कल हाय, हे मी सुरुवातीलाच कबूल करतो.

दुसरं कुणी हापसत आसलं तरी सर शेजारी उभे राहून बोलत राहतात. "अजून जोरात. थांबू नका. छान करताय तुमी." एकदा सखूआत्याला म्हणले, छान करताय तुमी. सखूआत्या म्हंजे आमच्या शेजारची म्हातारी, सत्तरीच्या पुढची. तिनं दांडा सोडला अन् पदरानं तोंड पुसत म्हणली, माझ्या नवऱ्यानं मरस्तवर मला असं म्हणलं न्हाई. तवापसून सरांची भाकरी तिच्याकडं. अन् सगळ्यांना 'तुमी'. बारक्या लेकराला तुमी, म्हातारीला तुमी, मला तुमी. शेळीला बी "जरा सरकता का तुमी?" मला जन्मात कुणी तुमी म्हणलं नव्हतं. पयल्यांदा म्हणले तवा मी मागं वळून बघितलं, दुसरं कोण उभं हाय म्हणून.

सर मूळचे गेवराईकडचे. पुण्यात अँब्युलन्सच्या फोनवर होते. म्हंजे आपण अडचणीत फोन लावला की पलीकडून जो माणूस बोलतो, गाडी धाडतो, अन् गाडी यीस्तवर काय करायचं काय न्हाई ते सांगत बसतो, ते काम. अकरा वर्षं केलं. बायको-लेक अजून पुण्यातच हायेत. दोन वर्षांमागं सर नोकरी सोडून शिरूरला आले, स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं. इथवर ठीक हाय. पर राहायला खोली घेतली आमच्या वाडीत, सखूआत्याच्या पडवीत. शिरूरात खोल्या काय कमी हायेत? वाडीत कुणी म्हणलं, बायकोनं हाकलला. कुणी म्हणलं, पुण्यात कायतरी लफडं केलं आसंल बे. मी म्हणलं, आमच्या वाडीची हवा चांगली हाय म्हणून आले. लोक हसले. मी लोकांना हसवायलाच हाय.

खरं काय ते मला माहीत होतं. अन् सरांना एक गोष्ट इचारायची होती. ती इचारायला मला दोन वर्षं लागली.

सरांची दुसरी तऱ्हा, फोन. त्यांना फोन लावला की हॅलो म्हणत न्हाईत. "हां, बोला, मी ऐकतोय" म्हणतात, अन् लगेच, "जवळ काय दिसतंय?" तुमी मीठ मागायला फोन केला तरी जवळ काय दिसतंय. पाटोद्याच्या एका माणसानं लेकीच्या लग्नाचं आवतन द्यायला फोन केला, तर त्याच्याकडून मांडव, मांडवापुढचं देऊळ, देवळामागचा दवाखाना अन् तिथवरचा रस्ता सगळं काढून घेतलं. तो माणूस मला म्हणला, लग्नाला यायलाय का धाड घालायला यायलाय? अन् बोलणं झालं की सर फोन ठेवत न्हाईत. समोरच्यानं ठेवायचा. रोज दिवस मावळताना पुण्याहून लेकीचा फोन येतो. ती म्हणती, पप्पा, ठेवू का? हे म्हणतात, ठेव. तिनं ठेवला तरी हे कानाला लावूनच उभे. टूं-टूं वाजायचं थांबतं तवा खाली घेतात.

मागल्या उन्हाळ्यात माझ्या शेळीच्या घशात आंब्याची कोय आडकली. डोळे बाहेर आले, मान ताणायली, तोंडातून फेस. मी धावत सरांच्या दारात गेलो. सर आले, शेळीकडं बघितलं अन् पांढरेफटक पडले.  पाठ फिरवून दहा पावलांवरच्या लिंबाच्या झाडामागं गेले. मला वाटलं, पळाले. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला.

"हां, बोला, मी ऐकतोय. जवळ काय दिसतंय?"

"सर, तुमची पाठ दिसायलीय."

"पेशंट शुद्धीवर हाय का?"

"शेळी हाय सर."

"वय?"

मग सांगायला लागले. एकाला मागचे पाय वर धरू द्या, मान खाली. जबडा उघडा. बाहेरून घसा चाचपा, गाठ लागती का? तिच्या खाली बोटं लावा, वर सरकवा, घाई करू नका, छान करताय. आवाज कसा, तर गावच्या तलावात पाणी उभं राहावं तसा. आवाज धरून माझे हात चालले. टपकन कोय बाहेर. शेळीनं दम घेतला अन् पयलं काम काय केलं तर माझं बोट चावलं.

मी म्हणलं, "सर, पेशंटनं मला चावलं."

"म्हंजे पेशंट बरा हाय," म्हणले. अन् फोन ठेवला न्हाई. मी बी ठेवला न्हाई. लिंबाच्या अल्याड मी, पल्याड ते, दोघांच्या कानाला मोबाईल. वाडीनं ते बघितलं. तवापसून मला लोक 'शेळीचा डाक्टर' म्हणतात, अन् शेळीचा खरा डाक्टर झाडामागं होता हे कुणी ध्यानात घेत न्हाई.

मी त्यांना इचारलं, दहा पावलांवरून फोन कावून केला? तर म्हणले, "मला बघून येत न्हाई, भानुदास. ऐकून येतं. अकरा वर्षं लोकांचे हात लोकांच्या छातीवर ठेवायला लावले. माझा हात कुणाच्या छातीला लागला न्हाई."

मी यावर कायतरी विनोद करणार होतो. करायच्या जागी शेळीचं दावं आवळत बसलो. माझं असं व्हत न्हाई कवा.

आता पत्त्याचं. आमची वाडी दिवाळी झाली की मोकळी होती. कारखान्याच्या गाड्या येतात, नवरा-बायको, लेकरं, भांडी, कोंबड्या गाडीत घालून सांगली-कोल्हापूरकडं ऊस तोडायला. मागं राहतात म्हातारी माणसं अन् कुलपं. सर आल्यापसून गाडी हलायच्या आधी सर गाडीपुढं. हातात कार्डांचा गठ्ठा, त्यांच्याच दुकानात छापलेला, पत्त्याची जागा कोरी. घरटी एक कार्ड. फडावर, म्हंजे तोडीच्या रानात, पोचलं की पयल्या दिवशी सरांना फोन करायचा. ते नकाशा उघडून बसतात अन् इचारतात, आत्ता कुठं उभे हायेत, जवळ काय दिसतंय, शिवार कुणाचं, डांबरी कोणत्या अंगाला. मग पत्ता सांगतात, तो कुण्या शिकलेल्याकडून कार्डावर लिहून घ्यायचा अन् पाठ करायचा. घरचा न्हाई, तिथला. अन् मग परीक्षा. तुमी उसात घामाघूम, मोबाईल वाजणार. "हां भानुदास. तुमी आत्ता कुठं?"

या परीक्षेत लोक कायबी उत्तर देतात. आमचा एक गडी म्हणला, बायकोच्या ताब्यात. त्याला सर म्हणले, बरोबर हाय, पर शिवार सांगा. मी मागल्या साली तीनदा नापास झालो. पयल्यांदा म्हणलं, रानात. दुसऱ्यांदा म्हणलं, ट्रॅक्टरखाली, अन् ते खरंच होतं. तिसऱ्यांदा मी दमलेलो होतो. फोन आला, अन् माझ्या तोंडातून आपोआप, एका दमात, सुरू झालं. मुक्काम, पोस्ट, तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड, पिनकोड.

  सर हळू आवाजात म्हणले, "तो तुमचा पत्ता हाय, भानुदास. तुमी तिथं न्हाईत."

 ते फोन ठेवीनात, मग मीच ठेवला.

आता सांगतो ते. हसत सांगायला बघतो, न्हाई जमलं तर न्हाई.

चार वर्षांमागं, पौषात. आमी कोल्हापूरकडं होतो. आमच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आमचे दोन कोयते, दादा अन् वहिनी एक, मी अन् माझी बायको एक. दादा म्हंजे माझा थोरला भाऊ, रामदास. मला बापासारखा. कमी बोलायचा. घरातलं सगळं बोलणं माझ्या वाट्याला आलेलं, अन् सगळं काम त्याच्या.

दिवस वर आलता. दादा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढला, टाकली, खाली आला. म्हणला, "भान्या, जरा बसतो." अन् पाचटावर, म्हंजे उसाच्या वाळल्या पाल्यावर, आडवा झाला. दादा कवा बसत नसतो. मी म्हणलं, बगा, आज थोरले बी माझ्यासारखे कामचुकार झाले. अन् हसलो. मी आधी हसलो. वहिनीनं त्याला हलविलं, तो हलला न्हाई, तवर मी हसतच होतो.

बटणाचा मोबाईल माझ्याजवळ. फोन लावला. पलीकडून एक माणूस, साफ पुण्याचं बोलणारा. नाव सांगितलं आसंल, मी कुठं ऐकतोय. म्हणला, "तुमचं नाव सांगा, पत्ता सांगा." आता मला जन्मात एकच गोष्ट पाठ. कुठल्या कचेरीत गेलं की तेवढीच इचारतात, म्हणून गाण्यासारखी घोकलेली. मी एका दमात म्हणून टाकली, पिनकोडासकट. तो म्हणला, "फार छान सांगितलंत. गाडी निघाली." अन् खरं सांगतो, दादा पाचटावर पडलेला, अन् मला आतून इतकुसं बरं वाटलं. शाबासकी मिळाली म्हणून.

मग तो सांगायला लागला. कडक जागेवर उताणा झोपवा. छाती हलते का बघा. मी म्हणलं, मधूनच आचके देतोय. तो म्हणला, तो श्वास नाही, वेळ घालवू नका. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, जोरात दाबा, सोडा, आणि तीसपर्यंत मोजा. वहिनीनं स्पीकर लावून मोबाईल माझ्या तोंडाजवळ धरला. मी मोजायला लागलो अन् इसाला थांबलो. आमी मोळ्या इसानं मोजतो. वीस झाले की एक इसा, बाजूला खडा ठिवायचा, पुन्हा एकपसून. इसाच्या पुढं मला येतच न्हाई. भाऊ मरायलाय अन् मी त्या माणसाला सांगायलोय, साहेब, मला तीस येत न्हाईत.

तो म्हणला, "मी मोजतो. तुम्ही फक्त दाबा."

अन् मोजायला लागला. एक, दोन, तीन. मी दाबतोय. हाताखाली कायतरी कट्‌कन मोडलं. मी थांबलो. तो म्हणला, "मोडू द्या. थांबू नका. छान करताय तुम्ही." किती तीस झाले मला ठावं न्हाई. खडे ठिवायला हात मोकळा कुठं होता.

मधीच तो थांबला. म्हणला, "गाडी पोचली. दार उघडा."

मी म्हणलं, "कुठलं दार?"

"ड्रायव्हर म्हणतोय दाराला कुलूप आहे."

माझ्या करदोट्याला किल्ली होती त्या कुलपाची. आमच्या घराची. शिरूर तालुक्यातल्या. मागून सखूआत्यानं सांगितलं, गाडी दारात लई येळ वाजत होती, सगळी कुत्री गोळा झालती. ड्रायव्हर पोरगं चांगलं होतं. त्यानं दार ठोठावलं, मागून खिडकीत डोकावला. आत्या म्हणली, बाबा, ते समदे उसाला गेलेत. मग तिनं त्याला तांब्याभर पाणी दिलं.

इकडं फोनवर पुण्याचं बोलणारा तो माणूस, त्याचं पुणं एकदम गळून पडलं. अगदी आमच्यासारखं बोलला. "भानुदास, आरं तू आत्ता कुठं हायेस? जवळ काय दिसतंय?"

मी म्हणलं, "ऊस."

"आजून?"

"ऊस."

"ऊस सोडून काय दिसतंय रं बाबा?"

मी बघितलं. म्हणलं, "दादा दिसतोय."

गावाचं नाव आमच्यात कुणालाच ठावं नव्हतं. मुकादमानं आणून सोडलं तिथं आमी तोडत होतो. मुकादम कारखान्यावर गेलता. माझी बायको पळत जाऊन ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आली, त्यानं शिवाराचं नाव सांगितलं. दुसरी गाडी आली. त्यातल्या डॉक्टरनं दादाच्या मानेला हात लावला, डोळ्यात बॅटरी मारली अन् माझे हात धरून बाजूला केले.  मोबाईल पाचटात पडलेला, त्यातून आवाज यायलाच होता. अठरा, एकोणीस, वीस. वहिनीनं तो उचलला अन् लाल बटण दाबलं.

पुढं काय झालं, ते त्या माणसाला कुणीच सांगितलं न्हाई.

दोन वर्षांनी एका सकाळी हापशावर एक नवा माणूस आला. पायात बूट, हातात कळशी, सगळ्यांना जय भीम घातला. वहिनी भरून कळशी उचलत होती. त्यानं दांडा धरला अन् म्हणला, एक. वहिनीची कळशी तिथंच थांबली. मी तंबाखू मळत होतो, ती हातातच राहिली. दोन, तीन म्हणस्तवर आमाला दोघांना कळलं होतं. आवाज काय बदलतोय. त्यानं वर बघितलं. माझ्याकडं न्हाई, वहिनीकडं. वहिनीच्या कपाळाकडं. कपाळ मोकळं होतं. तो मोजायचा थांबला न्हाई. तीस पुरे केले. पर त्याला जे इचारायचं होतं त्याचं उत्तर त्याला गावलं, हे मी त्याच्या मानेवरून ओळखलं.

तवापसून दोन वर्षं आमी तिघं रोज हापशावर भेटायचो. आमी रामराम घालायचो, ते जय भीम घालायचे. त्यांना माहीत, मी कोण. मला माहीत, ते कोण. वहिनीला दोघांचं माहीत. अन् बोलायचो काय, तर आज ऊन हाय, आज आभाळ हाय. मला एवढंच इचारायचं होतं, की मी पत्ता बरोबर सांगितला असता तर दादा वाचला असता का? रोज ठरवायचो, आज इचारू. रोज शेळीचं कायतरी बोलून परत यायचो. दुसऱ्याला हसवायचं सोपं हाय. पाच पावलांचं अंतर मला चालवत नव्हतं.

औंदाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गाडी दोन दिवसांनी यायची होती. वहिनी बी येणार होती. दादा गेल्यापसून मुकादम तिला अर्धा कोयता म्हणतो, ती ऐकून घेती अन् पुरा ऊस तोडती. सकाळी हापशावर सर, त्यांच्या मागं मी, माझ्या मागं वहिनी. बाकी बाया लांब बसलेल्या.

सर मोजत होते. चोवीस, पंचवीस, सव्वीस. तेवढ्यात वाडीच्या तोंडाला ट्रकचा हॉर्न वाजला. दोन दिवस आधीच गाडी आलती. सरांनी तिकडं बघितलं अन् थांबले. दांडा खाली. ओठ हलायलेत, पर आकडा गावत न्हाई. कवाच थांबत नसतो तो माणूस.

मागून माझ्या तोंडातून निघालं, "सत्तावीस."

सर वळले न्हाईत. दांडा धरूनच म्हणले, "तुमाला इसाच्या पुढं येत नव्हतं."

"तुमीच शिकविलं."

त्यांनी दांडा सोडला न्हाई. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मी अन् ते, दोघं मिळून. मग ते खाली बसले, चिखलात, चांगल्या पँटीत. शेळी त्यांचा हात चाटायला लागली.

आता न्हाई तर कवाच न्हाई. मी इचारलं, "सर, मी पत्ता बरोबर सांगितला असता तर वाचला असता का?"

मला वाटलं होतं हो म्हणतील न्हाईतर न्हाई म्हणतील. ते म्हणले, "मला माहीत न्हाई. मला कवाच माहीत नसतं. गाडी आली की फोन बंद. अकरा वर्षांत कोण जगलं, कोण मेलं, एकाचं ठावं न्हाई. तुमचा पत्ता तेवढा पाठ राहिला. म्हणून आलो."

मी म्हणलं, "चूक माझी हाय. मला एवढं बी कळलं न्हाई, की गाडी मी जिथं हाय तिथं यायला पायजे."

"तुमची कशी? चूक माझी." अन् पयल्यांदा त्यांचा आवाज चढला. "माझे आई-बाप जन्मभर ऊसच तोडत होते. पौष महिना, शिरूर तालुक्यातली वाडी, अन् दाराशी धडधाकट माणूस? मला कळायला पायजे होतं. तुमच्या मागं पाचट वाजत होतं, मी ऐकलं. लहानपणी त्याच्यावरच झोपलोय मी. तरी घरचा पत्ता लिहून घेतला अन् वरून तुमाला छान म्हणलं. त्याच्यानंतर मी एकेकाला तीनतीनदा पत्ता इचारायला लागलो. लोक शिव्या द्यायचे. आमचे साहेब म्हणले, येळ लावताय. मग सोडलं."

"न्हाई सर. तुमाला काय दिसत होतं? चूक माझीच."

"ऐकत तर होतो ना? माझी हाय."

"मी हसलो होतो सर. तो पडला तवा मी आधी हसलो."

"ते मला कळलं होतं. फोन लागला तवा बी तुमच्या आवाजात हसू होतं. म्हणून मला वाटलं, फार कायी न्हाई."

असं आमी दोघं बराच येळ भांडलो. माझी-माझी म्हणून, जशी काय बांधावरची बाभळ. बाया कळश्या सोडून बघायला लागल्या. मी रडत होतो अन् रडता रडता लोकांकडं बघत बी होतो, ही माझी खोड हाय.

वहिनी इतका येळ मागं उभी होती. पुढं आली, आमच्या दोघांच्या मधून वाकून कळशी हापशाखाली ठेवली. आमच्याकडं न बघता बोलली. म्हणली, "त्या दिवशी सकाळी त्यानं चहा अर्धा ठेवला. म्हणला, छातीत कळ हाय. मी म्हणले, वारा भरला आसंल, ओवा खा. अन् मोळी उचलायला लावली. चार वर्षं झाली. मी कुणापुढं बोलले का?"

 सर उठायला गेले, तर चिखलात पाय घसरला, मला धरून उभे राहिले. म्हंजे त्यांचा हात माझ्या छातीवर आला. लगेच काढून घेणार होते. काढला न्हाई.

वहिनीनं दांडा धरला.

"मेला माझा नवरा, भावजी, अन् मिरवताय तुमी दोघं. सरका, पाणी भरू द्या."